नळाची जाडी

आमच्या लिहावयाच्या मेजावर कागद उडूं नयेत म्हणून एक करड्या रंगाचा नळाचा तुकडा ठेवलेला असतो. लांबी दीड वीत; एका अंगास सरळ उभी चीर गेलेली आणि चिरेच्या दोन्ही कडा बाहेरच्या बाजूस वळलेल्या. घरीं येणाऱ्या मंडळींची दृष्टि त्याच्यावर हटकून जाते. चित्रकलेची आवड असणारे आमचे एक स्नेही तर हा नव्या शिल्पाचा नमुना असावा अशा समजुतीनें त्याच्याकडे निरनिराळ्या बाजूंनीं बराच वेळ पाहत राहिले. आम्हीं त्यांचा भ्रम घालविला नाहीं. कारण खरी हकीकत सांगावयाची म्हणजे, ज्या विषयाचे अध्यापक म्हणून आम्ही आयुष्यभर मिरवलों त्याच विषयांत आम्ही कसे चुकलों, किंबहुना चुकण्याची इच्छा मनांत धरून कसे चुकलों, हें कबूल करावें लागतें. आज तें कबूल करण्याचें योजिलें आहे. ज्या वाचकांचा नळाशीं संबंध सकाळीं बादली भरण्यापुरताच येतो त्यांनीं वाटेंतली थोडी आंकडेमोड सहन करावी, एवढीच विनंति.

नळ विकत घेतांना आपण त्याचें तोंड पाहतों. अर्धा इंची, दोन इंची, चार इंची, असें म्हणून मोकळे होतों. त्याच्या अंगाची जाडी किती, हा प्रश्न सहसा कोणी करीत नाहीं. आणि वास्तविक पैसे जातात ते जाडीचे. तोंडाची पोकळी कोणी विकत नाहीं. आम्हांस ही गोष्ट लहानपणींच कळली होती, ती आमच्या मामांमुळें. मामा मुंबईस पाणीखात्यांत ओव्हरसियर होते. मुंबईच्या पाण्याचा इतिहास त्यांना घरच्या वंशावळीसारखा पाठ होता. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं शहरांत आलें, तुळशीचें १८७९ सालीं, तानसाचें १८९२ सालीं, आणि वैतरणेचें १९५७ सालीं. तें तर आम्हीं नोकरींत असतांना आलें, असें ते अभिमानानें सांगत. मे महिन्याच्या सुट्टींत आम्ही त्यांच्याकडे गेलों म्हणजे इतर मुलें चौपाटीवर जात आणि आम्ही मामांबरोबर नळांच्या कडेकडेनें हिंडत असूं.

त्यांच्या बिऱ्हाडाच्या गॅलरींत ओतीव लोखंडाच्या एका जुन्या नळाचें कापून काढलेलें कडें पडलेलें असे. मामी त्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवी. एके दिवशीं मामांनीं कुंडी उचलून बाजूला ठेविली, पितळी कॅलिपर आमच्या हातांत दिला आणि त्या कड्याची जाडी मोजावयास सांगितली. आम्हीं मोजून आंकडा सांगितला. "आतां समोरच्या बाजूची मोज." ती निराळी निघाली. तिसऱ्या बाजूची आणखी निराळी. आम्ही गोंधळलों तेव्हां मामा हंसले. नळ ओततांना मधला गाभा केसभर सरकला कीं नळ एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ निघतो, असें त्यांनीं सांगितलें. शिवाय आंतून गंजाच्या गांठी धरलेल्या, बाहेरून खाऱ्या मातीनें पोखरलेलें. "पाण्याला सरासरी कळत नाहीं," असें मामा म्हणाले, "तें बरोबर पातळ जागा हुडकून काढतें." त्या वेळीं आम्ही शाळेंत सरासरीचीं गणितें सोडवीत होतों आणि तीं आम्हांस फार आवडत असत, म्हणून हें वाक्य आम्हांस जरा टोंचल्यासारखें झालें व तेवढ्यामुळेंच तें लक्षांत राहिलें.

जाडी ठरविण्याचें सूत्रहि मामांनींच शिकविलें; तेंहि पुस्तकावरून नव्हे. ते म्हणत, नळाचा एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा डोळ्यांपुढें आण, आणि तो मधोमध उभा चिरून त्याच्या दोन पन्हळी झाल्या आहेत अशी कल्पना कर. आंतलें पाणी त्या दोन पन्हळींना एकमेकींपासून दूर लोटण्याची खटपट करतें. किती जोरानें? दाबाला व्यासानें गुणावें, तितक्या. त्यांना धरून कोण ठेवतें? दोन बाजूंच्या दोन भिंती. म्हणजे दाब गुणिले व्यास, त्याला धातूच्या सोसण्याच्या दुपटीनें भागलें कीं जाडी आली. झालें! हेंच सूत्र इंजिनियर मंडळी पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नांवानें ओळखतात. हा बार्लो १७७६ सालीं जन्मला आणि १८६२ सालीं वारला. वुलिचच्या लष्करी विद्यालयांत तो गणित शिकवीत असे, म्हणजे एका अर्थानें आमचाच व्यवसायबंधु. त्यानें छापलेलीं वर्गमुळांचीं व घनमुळांचीं कोष्टकें पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ लोक वापरीत होते.

आतां याच रीतीनें नळाच्या टोंकाचा विचार केला, म्हणजे टोंकाचें झांकण उडवून देण्यास पाणी किती जोर करतें आणि तो जोर किती धातूवर वांटला जातो हें पाहिलें, तर त्या दिशेचा ताण बरोबर निम्मा भरतो. म्हणून दाबानें फुटणारा सरळ नळ काकडीसारखा आडवा तुटत नाहीं. तो उभा फाटतो. पिंपाला लोखंडी पट्टे भोंवतालून ठोकतात, उभे ठोकीत नाहींत, याचें कारणहि हेंच. आमच्या मेजावरील तुकड्याची चीर उभी कां, याचा उलगडा वाचकांस आतां झाला असेल.

या सूत्राची एक गंमत आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितली आहे. एक मीटर व्यासाचा पोलादी नळ घ्या. पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो, आणि पोलादावर १,००० किलोपर्यंत ताण येऊं द्यावयाचा, असें धरा. जाडी येते अवघी ५ मिलिमीटर. ज्यांतून लहान मूल उभें राहून चालत जाईल, त्याला पांच मिलिमीटरांचा पत्रा पुरतो! आतां तोच दाब आपल्या घरांतल्या अर्ध्या इंची नळाला लावा. उत्तर येतें मिलिमीटरच्या शंभर भागांपैकीं साडेसात भाग. म्हणजे जवळ जवळ कागद. परंतु बाजारांत मिळणारा निळ्या पट्ट्याचा, म्हणजे बी वर्गाचा, अर्धा इंची लोखंडी नळ २.६५ मिलिमीटर जाड असतो. पाण्याला हवी त्याच्या पस्तीसपट! ही बाकीची जाडी कोणासाठीं? कांहीं आटे पाडतांना जाते. कांहीं गंजासाठीं शिलकींत टाकलेली असते. आणि कांहीं प्लंबरच्या पान्यासाठीं, कारण पान्याचा हिसका पाण्याच्या दाबाहून पुष्कळ जबर असतो. मोठ्या नळांत पाणी मुख्य शत्रु असतें. लहान नळांत पाणी बिचारें शेवटच्या नंबरावर असतें. केशवाहिन्या इतक्या पातळ असूनहि रक्ताच्या दाबानें कां फाटत नाहींत, त्याचेंहि उत्तर याच भागाकारांत आहे. व्यास इतका लहान कीं भिंतीवर ताण येतच नाहीं म्हटलें तरी चालेल.

एवढें सर्व आम्हांस ठाऊक होतें. मामांची वहीहि आमच्यापाशीं होती. ते २००३ सालीं वारले तेव्हां मामीनें कॅलिपर आणि वही आठवण म्हणून आम्हांला दिली. असें असतां पुढील प्रकार घडला.

आमचें मूळ गांव पुरंदर तालुक्यांत, अंजिराच्या मुलुखांत. वडिलार्जित जमीन साडेचार एकर. तिच्यांत विहीर खालीं ओढ्याकाठीं आणि निचऱ्याची चांगली जमीन वर माळावर. थोरले बंधु शेती पाहतात. त्यांना आम्ही दादा म्हणतों. आम्ही पुण्यास शाळेंत गणित शिकवीत होतों. वर्षांतून दोनदां गांवीं जाणें, अंजिरांची पाटी घेऊन परत येणें आणि सल्ला देणें, एवढाच शेतीशीं आमचा संबंध. २०११ सालच्या पावसाळ्यांत दादांनीं माळावरील दोन एकरांत अंजिराचीं तीनशें रोपें लावलीं, आणि दिवाळींत आम्ही गेलों तेव्हां विहिरीपासून माळापर्यंत नळ नेण्याचा विचार निघाला. अंतर सहाशें मीटर. सहा सहा मीटरांचे शंभर नळ. विहिरींतल्या पाण्यापासून माळावरच्या टांक्यापर्यंत उंची ३८ मीटर. निम्मा खर्च आम्हीं द्यावयाचा असें ठरलें, आणि खरेदी पुण्यांत करावयाची असल्यामुळें तें कामहि आमच्याकडे आलें.

शेतीला लागणारे हे प्लास्टिकचे नळ दुकानांत 'केजी'वर मागतात. चार केजी, सहा केजी, दहा केजी. पहिल्यानें हें ऐकणाऱ्याला वाटावें कीं नळाचें वजनच तें. पण तो दाबाचा आंकडा आहे: दर चौरस सेंटिमीटरला चार किलो, सहा किलो, याप्रमाणें. बाहेरचा व्यास सर्वांचा सारखाच, ११० मिलिमीटर. फरक काय तो भिंतींत. चार केजीची भिंत अडीच मिलिमीटर, सहा केजीची ३.७, आठ केजीची ४.९, दहा केजीची सहा. बार्लोच्या सूत्रांत घालून पाहिलें तर हे आंकडे जवळ जवळ तंतोतंत उतरतात आणि गणिताच्या माणसाला मोठें समाधान वाटतें.

दादांचें म्हणणें सहा केजी घ्यावा. आम्हीं कारण विचारलें. ते म्हणाले, "अरे, शेजारच्या मळ्यांत मीं ऐकलेंय. लाइट गेली कीं वर चढलेलं पाणी माघारीं येतं अन् खालीं धप्पकन् आपटतं. नळाला हात लावला तर घोड्यासारखा थरथरतो." आम्ही हंसलों. पाणी दहा मीटर चढलें कीं दाब एक किलो. ३८ मीटरला ३.८ किलो; ३.८ हे चारांपेक्षां कमी. सबब चार केजी पुरे. हें आम्हीं त्यांना विहिरीच्या कांठावर खडूनें लिहून दाखविलें. दादांनीं तें लक्षपूर्वक वाचलें. ते सातवीपर्यंत शिकलेले. धाकट्या भावाला शिकतां यावें म्हणून त्यांनीं शाळा सोडली होती. आमच्या खडूपुढें ते काय बोलणार? "तुझ्या हिशेबांत बसतंय ना? मग आण," असें म्हणून ते वैरण घालावयास गेले.

हा झाला लोकांत सांगण्याजोगा भाग. न सांगण्याजोगा भाग असा कीं, त्या वर्षीं आमच्या कन्येचें लग्न झालें होतें आणि हात आंखडता होता. चार आणि सहा केजींतला फरक शंभर नळांमागें सव्वीस हजारांच्या घरांत जात होता. त्यांतला निम्मा आमचा. ही गोष्ट दादांना सांगितली असती तर त्यांनीं एक अक्षर न बोलतां सर्व रक्कम स्वतः घातली असती. आणि तेंच आम्हांस नको होतें. तेव्हां आम्हीं हिशेब करून निर्णय घेतला असें जें आम्ही समजत होतों, तें उलट होतें. निर्णय आधीं झाला होता. हिशेब आम्हीं त्याच्या मागून नेऊन बसविला, आणि उत्तर मनाजोगें येतांच पाटी पुसली.

पाटी पुसण्याची घाई नसती तर पुढची पायरी आम्हांस अवघड नव्हती. ३.८ किलो हा उभ्या, स्तब्ध पाण्याचा दाब. पाणी चालूं लागलें कीं सहाशें मीटर नळाशीं घांसत जाण्याचा खर्च त्यांत मिळवावा लागतो. तो अर्धा किलो धरा. येथेंच चार ओलांडले. आणि मामांच्या वहींत, सूत्राच्या खालीं, लाल शाईनें चार शब्द लिहिलेले होते: 'चालतें पाणी थांबलें तर?' आम्हीं ते पूर्वीं अनेकदां वाचले होते. त्या दिवाळींत वही काढली तेव्हां ते पुन्हां दिसले, आणि आम्हीं पान उलटलें.

या प्रश्नाचें उत्तर मॉस्को शहरांत सांपडलें होतें. तेथील पाणीपुरवठ्याचे नळ फुटत असत म्हणून निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९७-९८ सालीं प्रत्यक्ष नळांवर प्रयोग केले. त्याला असें दिसून आलें कीं, वाहतें पाणी एकाएकी अडलें तर तें सबंध एकदम थांबत नाहीं. आगगाडीच्या इंजिनाला धक्का बसल्यावर डबे एकामागून एक आपटत जातात, त्याप्रमाणें पाण्याचा थर थरावर आपटत जातो, आणि दाबाची एक लाट नळांतून प्रचंड वेगानें मागें पुढें धांवते. पोलादी नळांत सेकंदाला अवघ्या एक मीटर वेगानें जाणारें पाणी असें अडलें तर दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो किंवा त्याहूनहि अधिक वाढतो. आगंतुक पाहुणा घरधन्याहून भारी, असा हा प्रकार! प्लास्टिकचा नळ थोडा फुगतो, धक्का पचवितो, म्हणून त्यांत ही वाढ अडीच-तीन किलोंवर भागते. पण ३.८ मध्यें तीन मिळवा. दादांनीं हाताच्या तळव्यानें मोजलेला आंकडा सहाच्या पलीकडे गेला होता, आणि आमचा खडू चाराच्या अलीकडे थांबला होता.

नळ मग पहिल्याच दिवशीं कां फुटला नाहीं, असें कोणी विचारील. चार केजी म्हणून छापलेला नळ एखाद्या वेळीं आठ किलोहि सोसतो; कारखानदारानें तेवढी शिल्लक ठेविलेली असते. परंतु प्लास्टिकला विसर पडत नाहीं. प्रत्येक धक्का तें आपल्या अंगांत जमा करीत जातें. आमच्या गांवीं शेतीची वीज पाळीनें येते, बहुधा रात्रीची, आणि एका रात्रींत तीन-चार वेळां तरी तोंड दाखवून जाते. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत किती धप्प झाले असतील, त्याचा हिशेब वाचकांनींच करावा. २०१२ च्या एप्रिलांत, रात्रीं दोनच्या सुमारास, विहिरीपासून चाळीस पावलांवर नळ फाटला. चरांत तेथें एक टोंकदार दगड राहून गेला होता. त्या दगडावर सर्व दोष ढकलण्याचा आम्हांस पुढें बराच मोह झाला.

विहिरींत तेव्हां रोजचें दीड तासाचें पाणी उरलें होतें. पंप आपोआप सुरू होणाऱ्या खटक्यावर होता. वीज आली, पंप लागला, आणि विहीर रात्रभर ओढ्यांत रिकामी झाली. सकाळीं दादा गेले तेव्हां तळाशीं गाळ होता. नळ दोन दिवसांत सांधतां आला असता, पण नळांत घालावयास पाणी नव्हतें. झरे भरून यावयास दहा दिवस लागले. वहिनी आणि दादांचा मुलगा घागरी घेऊन माळ चढत होते, रोपाला तांब्याभर. तीनशेंपैकीं एकशें दहा रोपें वाळलीं. पाऊसहि त्या वर्षीं फसला, तेव्हां नवीन रोपें लावण्याचें साहस झालें नाहीं. आम्हांस हें सर्व कळलें तें पंधरा दिवसांनीं, आणि तेंहि पुतण्याकडून. दादांनीं फोनवर एवढेंच सांगितलें होतें कीं, "नळ जरा फुटला होता, सांधलाय."

आम्ही लगेच गेलों. कॅलिपर बरोबर घेतला होता. वास्तविक आमच्या मनांत आशा होती ती ही, कीं दुकानदारानें फसविलें असेल, भिंत दोन मिलिमीटरच भरेल, आणि अपराधी सांपडेल. फाटलेला तुकडा दादांनीं गोठ्याच्या छपरावर टाकला होता. आम्हीं तो आठ ठिकाणीं मोजला. कोठेंहि अडीचच्या खालीं नव्हता. एके ठिकाणीं तर २.७ भरला. कारखानदारानें छापलें होतें तें दिलें होतें. दुकानदारानें मागितलें होतें तें दिलें होतें.

संध्याकाळीं ओट्यावर बसून आम्हीं दादांना लग्नाच्या खर्चापासून लाल शाईपर्यंत सर्व सांगितलें. त्यांनीं मध्यें एक शब्द काढला नाहीं. शेवटीं विचारलें तें इतकेंच कीं, वर माळावर दाब किती असतो. आम्ही म्हणालों, टांक्यापाशीं जवळ जवळ कांहीं नाहीं. "मग सगळाच नळ जाड कशाला? खालीं जाड, वर हाच राहूं दे."

या साध्या प्रश्नानें आम्ही दिवाळीपेक्षांहि अधिक खजील झालों. कारण शंभर नळ एकाच जाडीचे असावेत हें आम्हीं, आणि दादांनींहि तेव्हां, न बोलतां गृहीत धरलें होतें. वास्तविक मोठ्या कामांत असें कोणी करीत नाहीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांत पर्थजवळच्या डोंगरांतून सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारें साडेपांचशें किलोमीटर पाणी नेणारा नळ आहे. १८९८ सालीं काम सुरू झालें, जानेवारी १९०३ मध्यें पाणी पोंचलें. वाटेंत आठ पंपघरें आणि तीस इंची पोलादी नळांचे साठ हजार तुकडे. त्यांतले बहुतेक पाव इंच जाड, आणि जेथें दाब अधिक तेथें पांच षोडशांश इंच. इंचाच्या सोळाव्या हिश्श्याचा हा फरक. पण साठ हजारांनीं गुणला म्हणजे तो आगबोटी भरून पोलादाचा होतो. ज्या इंजिनियरानें हा नळ योजिला त्या ओकॉनर याच्यावर वर्तमानपत्रांतून आणि सभागृहांतून इतकी झोड उठली, कीं पाणी पोंचण्यापूर्वीं दहा महिने, मार्च १९०२ मध्यें, त्यानें स्वतःचा अंत करून घेतला. नळ अद्याप चालूं आहे. त्याची हकीकत आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली होती. पाव इंच आणि पांच षोडशांश हे आंकडे फळ्यावर लिहून दाखविले होते.

जातां जातां आणखी एका नियमाचा उल्लेख करावासा वाटतो, कारण तो आम्हांस फार विलक्षण वाटतो. पोलादी नळांतून इंधनवायु नेतात, त्यांची जाडी ठरवितांना अमेरिकन नियमांप्रमाणें, आणि त्यांच्याच धर्तीवर आपल्याकडेहि, नळाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतलीं घरें मोजतात. ओसाड रानांत पोलादाच्या ताकदीचा शेंकडा ७२ भाग वापरावयास मुभा असते. उंच इमारतींच्या दाट वस्तींत तो शेंकडा ४० वर येतो. वायु तोच, दाब तोच, पोलाद तेंच. केवळ शेजारीं माणसें निजतात म्हणून भिंत जाड होते. बार्लोच्या सूत्रांत माणसांना जागा नव्हती. ती मागाहून एका गुणकाच्या रूपानें करावी लागली. उलट नळ रिकामा होऊन आंत पोकळी झाली तर पातळ भिंत बाहेरच्या हवेनें चेपते, वरून मोटारी जात असल्या तर निराळा विचार, जमीन खचत असली तर निराळा. पण हा पाल्हाळ येथेंच पुरे.

त्या उन्हाळ्यांत दादांच्या म्हणण्याप्रमाणें खालचे पस्तीस नळ आठ केजीचे घातले, मधले तीस सहा केजीचे, आणि वरचे पस्तीस जुनेच राहूं दिले. विहिरीपाशीं झडप बदलली, आणि चढावर जेथें नळ उंटासारखी पाठ काढतो तेथें हवा जाण्यायेण्याची तोटी बसविली. निघालेल्या नळांपैकीं चांगले होते ते ओढ्यापलीकडच्या वाफ्यांना कामास आले. सर्व पैसे आम्हीं देऊं केले. दादांनीं निम्मे घेतले आणि उरलेले वहिनींच्या हातून आमच्या कन्येच्या पहिल्या दिवाळसणाला परत आले, तेव्हां हा हिशेबहि आम्हांस नीट जुळवितां आला नाहीं.

बाग आतां फळते. वाचलेल्या एकशें नव्वद झाडांत पुढें साठ-सत्तर नवीं घातलीं. रिकाम्या जागा पुष्कळ राहिल्या आहेत. रात्रीं वीज गेली कीं दादा अजूनहि उठतात. परवां दत्तजयंतीला गेलों असतां आम्हीहि त्यांच्या मागोमाग कंदील घेऊन विहिरीवर गेलों. अंगावर कांबळें, एक हात नळावर. वरून पाणी आलें, झडप मिटली, नळ किंचित् हलला. दादांनीं आमचा हात धरून नळावर ठेविला आणि विचारलें, "हें किती असेल रे?" आम्ही म्हणालों, "सहा, साडेसहा." "मलाहि तेवढंच वाटतं," असें म्हणून ते कंदील घेऊन पुढें चालूं लागले.